तुझ्या गाडीवरचा टॅग

दिगंबर, आधी तुला एक शिवी देतो, मग पुढचं बोलू. ती इथं लिहिता येत नाही, वहिनी वाचतील. पण कुठली ते तुला ठाऊक आहे. कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये हातातून पाना निसटला की तू द्यायचास, तीच.

तुझा तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा तानाजी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. धाकटा असला तरी जमिनीच्या व्यवहारात तोच थोरला, हे तू बघितलेलंच आहेस. म्हणाला, "दादा, शेडची जागा गोडाउनवाल्यांना दिलीय. सोमवारी जेसीबी येतोय. गाडीचं काय ते बघा."

"कुठली गाडी?" मी विचारलं. मला कळलं नव्हतं असं नाही. पण तुझं नाव त्याच्या तोंडून जरा उशिरा यावं, असं वाटलं.

"दिगूभाऊंची. दुसरी कुठली हाय शेडात? भंगारवाल्याला फोन करू का? हाय त्या जागेवरून उचलून न्हेत्याल."

मी अंगावर धावून गेलो रे त्याच्या. या वयात, अंगणात, सुनेच्या देखत. तो बिचारा मागं सरकला आणि म्हणाला, "आवो, मी काय वाईट बोललो? गाडी दोन पावसाळे उभीच हाय की." बरोबर होतं त्याचं. आणि बरोबर होतं म्हणूनच डोक्यात तिडीक गेली.

तुझी पांढरी गाडी माझ्या शेडात आली तेव्हापासूनच आपलं भांडण चालू आहे. तुमच्या चऱ्होलीच्या फ्लॅटला पार्किंग एकच, तिथं तुझ्या पोरीची, प्राजूची नवी गाडी लागली. त्यात तुझ्या छातीत ती स्प्रिंग बसवलेली, डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून बजावलेलं. मी म्हणालो, विकून टाक. तू म्हणालास, "ठेवायची हाय. मी बरा झालो की रस्त्यावर काढणार." मी म्हणालो, गाडी काय लोणचं आहे का ठेवायला? तेव्हा तू असा बघितलास माझ्याकडं, की मी शेडातला कडबा बाजूला करायला लागलो.

आणि काय ठेवलीस लेका! चार लाकडी ठोकळ्यांवर उचलून चाकं अधांतरी केलीस, का तर टायर बसू नयेत. हँडब्रेक सोडून ठेवलास, का तर आतून चिकटू नये. सायलेन्सरच्या तोंडात तुझ्या कंपनीच्या जुन्या शर्टाची बाही कोंबलीस, उंदीर शिरू नये म्हणून. सीटखाली डांबराच्या गोळ्या. बॅटरी काढून माझ्या देवघराशेजारी आणून ठेवलीस, तेव्हा आमची ही म्हणाली, "आता हिलापण हळदकुंकू वाहू का?" तू तोंड वर करून म्हणालास, "वहा की वहिनी, चार्ज टिकंल."

मी चांगुलपणा म्हणून वरून प्लास्टिकची ताडपत्री टाकली, तर रविवारी येऊन माझी हजेरी घेतलीस. "कशाला प्लास्टिक टाकायलास? खालून घाम धरतंय, पत्रा खाईल सगळा." मग घरून वहिनींच्या जुन्या सुती चादरी आणून पांघरल्यास. माझ्या शेडात कडबा ठेवायला जागा नाही आणि तुझी गाडी फुलाफुलांच्या चादरीत झोपलेली. गावातली माणसं मुद्दाम बघायला यायची.

सगळ्यात शेवटी तो टॅग, मशीनवर काम चालू असताना त्याच्या बटणांच्या पॅनेलला अडकवायचा तो. कंपनी सोडताना तो गेटवर जमा करायचा असतो, दिगंबर. तू केला नाहीस. चोर आहेस. लाल पट्ट्याचा, प्लास्टिकचा, वर 'चालू करू नये', खाली तुझं नाव आणि तो भरघोस मिशांचा फोटो. तारेनं स्टिअरिंगला बांधलास आणि मला म्हणालास, "ज्यानं लावला त्यानंच काढायचा. ध्यानात ठेव." मी हसून म्हणालो, "इथं चालू कोण करणार आहे? उंदीर?" तू हसला नाहीस. त्या बाबतीत तू कधीच हसायचा नाहीस, आणि त्याचं कारण माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार?

मग वहिनींना फोन केला. म्हणालो, सोमवारच्या आत गाडीचं ठरवावं लागेल. त्या म्हणाल्या, "ह्यांना विचारून सांगते."   गेले काही दिवस त्या असंच बोलतायत, प्राजूनं मला सांगितलं होतं. चहा टाकला की तुझाही कप काढतात. कुणी भेटायला आलं तर म्हणतात, हे बाहेर गेलेत. बाईच्या तोंडून 'गेले' हा शब्द काही केल्या निघत नव्हता.

मग स्वतःच म्हणाल्या, "भाऊजी, भंगारात नका देऊ. ह्यांना दुसऱ्यांदा पोचवल्यासारखं होईल. मला एकदा तिच्यात बसून घरी यायचंय."

म्हणून रविवारी सकाळी दोघी आमच्या कुरुळीला आल्या. प्राजू म्हणाली, "काका, मी चालवत नेते. माझी गाडी बाहेर रस्त्यावर लावीन, पप्पांची आत." विमा तिनं आदल्या दिवशी भरला होता, गाडीच्या पासिंगला अजून मुदत होती. पोरगी तुझ्यावर गेलीय. डोळे रडून सुजलेले, पण हातात नव्या पेट्रोलचा कॅन. शेडात आल्या आल्या तिनं चादरी ओढल्या, दार उघडलं आणि आत वाकून त्या टॅगच्या तारेला हात घातला.

मी ओरडलो. "हात बाहेर!"

प्रेस शॉपमधली ती आरोळी माझ्या तोंडून कशी निघाली, मलाच कळलं नाही. प्राजू दचकून मागं झाली. वहिनी दारातच थबकल्या. तानाजी बाहेर ट्रॅक्टरपाशी उभा होता, तो म्हणाला, "दादा, काय डोकं फिरलं का तुमचं? पोरगी हाय ती."

"टॅग हाय त्याच्यावर," मी म्हणालो.

"काका, पप्पा नाहीयेत आता." प्राजूचा आवाज चढला. "उद्या जेसीबी येणार आहे. तो टॅग कोण काढणार मग? सांगा ना, कोण?"

प्रेसमधलं ते तिला कधी सांगितलंस का तू? नसशीलच. मग मी सांगितलं. वहिनींच्याही देखत सांगितलं. पत्रा दाबायच्या मोठ्या प्रेसमध्ये आपण दोघं डाय, म्हणजे साचा, बदलत होतो, तू पाना आणायला बाहेर गेलास आणि मी आत, खांद्यापर्यंत आत. नवा आलेला शिफ्टचा साहेब माल निघत नाही म्हणून पेटलेला. त्यानं पॅनेलवरचा तुझा टॅग बघितला आणि म्हणाला, काढा तो, मशीन मोकळं दिसतंय. आतून मला फक्त आवाज ऐकू येत होते. तू धावत आलास आणि पॅनेलला पाठ लावून उभा राहिलास. "साहेब, आत माणूस हाय. टॅग माझा हाय. मी काढीन तवाच निघंल." तो म्हणाला, घरी पाठवीन. तू म्हणालास, "पाठवा. टॅग इथंच ठेवून जातो." मग तू ओरडलास, "हात बाहेर!" आणि मी हात बाहेर काढून दाखवले, तेव्हा कुठं तू पाठ हलवलीस.

"हे दोन्ही हात," मी प्राजूला म्हणालो, "तुझ्या बापानं ठेवलेत म्हणून आहेत. त्यानं टॅग लावला म्हणजे त्याला काहीतरी दिसलं असणार. काय ते कळल्याशिवाय मी तुला हिच्यात बसू द्यायचा नाही. मग जेसीबी येऊ दे नाहीतर त्याचा बाप येऊ दे."

पोरगी रागानं लाल झाली. पण चावी मला दिली.

टॅगवर कारण लिहायची ओळ असते. तू काय लिहिलंस? 'काम बाकी.' अरे, कसलं काम? बाकी म्हणजे काय बाकी? जन्मभर दुसऱ्यांना नीट लिहायला लावलंस आणि स्वतःच्या गाडीवर दोन शब्द खरडलेस! मग बसलो शोधत. इंजिन ऑइलची पट्टी काढून बघितली, ऑइल नवं, मधासारखं. सायलेन्सरमधली बाही ओढून काढली, तिच्या बटणाच्या काजाला अजून ग्रीस लागलेलं. जुनं पेट्रोल काढून टाकलं, वास उतरलेलाच होता त्याचा. बेल्ट, वायरी, पाण्याचे पाइप, कुठंच उंदरानं तोंड लावलेलं नाही. ब्रेक ऑइलची डबी काठोकाठ. पेडल दाबलं तर दगडासारखं घट्ट. माझा जीव टांगणीला लागला. एखादी गोष्ट बिघडलेली दिसली असती तर बरं वाटलं असतं. सगळंच चांगलं दिसत होतं, आणि स्टिअरिंगवरून तू मिशांआडून बघत होतास.

"झालं ना काका?" प्राजू म्हणाली. "मिळालं काही? नाही ना? काढा आता."

तानाजी म्हणाला, "हिथनं रस्त्यापातूर उतार हाय, धक्का द्यायचीबी गरज न्हाई. न्यूट्रलला सोडली की जाईल आपसूक." आमच्या उताराच्या टोकाला काय आहे, तुला माहीत आहे. दिवसभर कंटेनर जातात तिथून.

माझा हात तारेवर गेला होता, दिगंबर. खोटं नाही सांगत, गेला होता. आणि मग आठवलं, तू प्रेशर कसं बघायचास. दाब दिला, काटा चढला, की बाकीचे फिटर निघून जायचे. तू जायचा नाहीस. दाब तसाच धरून ठेवायचास आणि माझ्याशी गप्पा मारत बसायचास. म्हणायचास, "चढलेलं कुणालाबी दिसतंय. टिकतंय का बघ." तुझ्या गावच्या, अंबाजोगाईच्या सगळ्या गोष्टी मी काट्याकडं बघत ऐकल्यात.

मी सीटवर बसलो, ब्रेकवर पाय दाबून धरला आणि प्राजूला म्हणालो, "ये, तुझ्या बापाची एक गोष्ट सांगतो." तिला वाटलं म्हातारा बिथरला. पण ती गाडीच्या दाराला टेकली. तू पहिल्यांदा हीच गाडी घेऊन माझ्याकडं आलास ती गोष्ट सांगितली. वहिनी पुढच्या सीटवर, मांडीवर नारळ, आणि तू एवढा ताठ बसलेला, की मान वळवून आमच्याकडं बघायलाही तयार नाहीस. आम्ही सगळे दारात हात हलवतोय आणि तू नाकासमोर बघत गोठ्यापर्यंत गेलास. वहिनी शेडच्या दारात उभ्या होत्या, त्या एकदम म्हणाल्या, "घामानं शर्ट पाठीला चिकटला होता ह्यांचा." आणि हसल्या. तेराव्यानंतर पहिल्यांदा.

आणि तेवढ्यात माझा पाय खाली गेला.

एकदम नाही. हळूहळू, कुणीतरी खालून हात काढून घ्यावा तसा. पेडल गाडीच्या तळाला टेकलं.  खाली उतरलो, मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं. ओलं, ब्रेकचं तेल झिरपलेलं. मग डिकी उघडली, तू सामान ठेवायचास त्या स्टेपनीखाली हात घातला. वर्तमानपत्रात गुंडाळलेले, मागच्या चाकांत बसणारे ब्रेकचे दोन नवे सिलिंडर. तू आणून ठेवलेले.

प्राजू ते हातात घेऊन बघत राहिली. मग तिनं उताराकडं बघितलं, खालच्या रस्त्यावरून एक कंटेनर चालला होता. तिनं सिलिंडर माझ्या हातात दिले.

आता मला सांग. दोन्ही सिलिंडर आणलेस, मग बसवले का नाहीस? तर मला कळलं का. बसवता येतात एकट्याला, पण नंतर ब्रेकमधली हवा काढायला दुसरा माणूस लागतो, पेडलवर पाय द्यायला. आणि दुसरा माणूस म्हणजे मी. मला हाक मारली असतीस तर मी तुला गाडीखाली झोपलेला बघितला असता आणि घर डोक्यावर घेतलं असतं. छातीत स्प्रिंग घालून जमिनीवर लोळायला लाज वाटत नाही का, म्हणालो असतो. म्हणून तू गप राहिलास. टॅग लावलास आणि वाट बघत बसलास, डॉक्टरांच्या परवानगीची नाहीतर माझा राग उतरायची. इथं आली बघ ती शिवी. अरे, ओरडलो असतो मी. पोटभर ओरडलो असतो. आणि मग पाय दिला असता की! माझा पाय काय कुणाला दिला होता का मी?

दुपारभर काम केलं. गुडघे बोंबलत होते, पण हाताला सगळं आठवत होतं. सिलिंडर बसवले आणि पेडलवर तुझी पोरगी बसली. मी खालून म्हणायचो, "दाब. धर. सोड." ती वरून म्हणायची, "दाबलं. धरलं. सोडलं." नळीतून आधी काळं तेल आलं, मग बुडबुडे, मग स्वच्छ. मध्येच तिचा आवाज फाटायचा, मी ऐकलं न ऐकलंसं करायचो. शेवटी तिलाच पाय दाबून धरायला लावला आणि वहिनींना म्हणालो, आता तुम्ही गोष्ट सांगा. त्यांनी कुठली सांगितली ते मी लिहीत नाही, ती त्यांची आहे. लांबलचक होती. पेडल तसूभर हललं नाही.

राहिला टॅग.

तुला आठवतंय ना, टॅग लावणारा माणूस हजर नसला तर काय करायचं ते? शिफ्टमध्येच ताप भरून घरी गेलेल्या त्या पोराच्या वेळी आपण केलं होतं. आधी त्याला फोन लावायचा. मग त्याच्याशी नातं असलेल्या नाहीतर त्याला ओळखणाऱ्या माणसाला विचारायचं, तो आवारात आहे का. मशीन नीट तपासायचं. आणि मग त्याच माणसाला साक्षीला उभं करून टॅग काढायचा. मी मशीन आधी तपासलं, एवढाच क्रम चुकला. बाकी काही गाळायचं नाही, असं मी ठरवलं होतं. तानाजी म्हणाला, "दादा, आता काय मेलेल्या माणसाला..." आणि माझं तोंड बघून ट्रॅक्टरकडं वळला.

मी तुझा नंबर लावला. माझ्याकडं तू अजून 'दिगू मेंटेनन्स' आहेस.

वहिनींच्या पर्समध्ये फोन वाजला.

मला माहीत नव्हतं रे, की त्या तो रोज चार्ज करून जवळ ठेवतात. बंद असेल, रेकॉर्डवरची बाई बोलेल, संपलं, एवढंच माझ्या मनात होतं. पण तो वाजला. वहिनींनी बाहेर काढला आणि बघत राहिल्या. त्यावर माझं नाव दिसत असणार, तू मला 'ज्ञान्या कुरुळी' म्हणून ठेवलंयस ते मी बघितलंय. प्राजू म्हणाली, "काका, कट करा ना. प्लीज." माझा अंगठा काही हलेना. आणि वहिनींनी फोन उचलून कानाला लावला.

दोघं हाताच्या अंतरावर उभे होतो, दोघांच्याही कानाला फोन. मला दुसरं काही सुचलं नाही. नियमात आहे तेच विचारलं. "दिगंबर आवारात आहे का?"

वहिनींनी शेडभर नजर फिरवली. गाडीकडं, ठोकळ्यांकडं, दोरीवर टाकलेल्या त्यांच्या फुलाफुलांच्या चादरींकडं. खरंच शोधल्यासारखं बघितलं.

"नाही भाऊजी," त्या म्हणाल्या. "हे गेले."

मग त्या रडल्या. प्राजूनं त्यांना धरलं. मी गाडीत वाकून तार उलगडली. तू नेहमीसारखी तीन पीळ देऊन बांधली होतीस, बोटाला लागली. लागू दे म्हणलं.

देवघराशेजारची, आदल्या रात्री चार्ज केलेली बॅटरी बसवली, नवं पेट्रोल ओतलं. गाडी पहिल्यांदा नुसती खोकली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा धरली आणि अख्खी शेड पांढऱ्या धुरानं आणि डांबराच्या गोळ्यांच्या वासानं भरली. ठोकळे काढले, चाकं जमिनीला लागली. प्राजू स्टिअरिंगवर, वहिनी पुढं तिच्या शेजारी, मी मागं. चिंबळी फाटा, मोशी, मग आळंदीचा रस्ता धरून चऱ्होली.  मोशीच्या चौकात एक रिक्षा आडवी आली आणि प्राजूनं ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. माझे डोळे भरून आले आणि मी रिक्षावाल्याला शिव्या दिल्या.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी लागल्यावर वहिनी लगेच उतरल्या नाहीत.  मग वर गेल्या आणि चहा टाकला. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होतो. कप तीनच काढले. प्राजूचा, माझा आणि त्यांचा.

सोमवारी शेड पडली. मी बघायला गेलो नाही.

आता नियमातलं शेवटचं तेवढं उरलंय, आणि हे सगळं त्याच्यासाठीच लिहायला घेतलं. टॅग दुसऱ्यानं काढला, तर तो माणूस परत कामावर आला की मशीनला त्याचा हात लागायच्या आत त्याला गाठायचं आणि तोंडावर सांगायचं. नाहीतर तो आपला टॅग आहे या भरवशावर हात घालायचा. तुला गाठायला मी कुठल्या गेटवर उभा राहू, ते मला कळत नाही. टॅग माझ्या शर्टाच्या खिशात आहे, तो तुझ्याच हातात द्यायचा असतो.

दिगंबर, मी ज्ञानू बोलतोय. तुझा टॅग मी काढला. वहिनींना समोर उभं करून काढला. काम बाकी नाही. गाडी चालू आहे.